लोहारकाम परवडते, पण हिशोब ठेवला तर

(अहमदपूर येथे शेतकरी व ग्रामीण कारागिरांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



माझ्या घरी तीन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि एक भाता आहे. हातोडा धरायला वडिलांनी शिकवले. आज मला सांगितले आहे की लोहारकामाचा लहान धंदा कसा चालवावा यावर बोला. विळा कसा घडवावा हे सांगायचे असते तर मला सोपे गेले असते. कारण आपल्यापैकी बहुतेकांचा धंदा हाताच्या कसबामुळे बुडालेला नाही. कसब होते, आजही आहे. धंदा बुडाला तो भाव ठरवला नाही म्हणून, उधारी लिहिली नाही म्हणून आणि हंगाम डोक्यावर आल्यावर कोळसा शोधत फिरलो म्हणून. तेव्हा आज मी लोखंडाबद्दल थोडे आणि वहीबद्दल जास्त बोलणार आहे.

बलुते गेले, काम राहिले

आपले वाडवडील बारा बलुतेदारांत होते. गावचे औत दुरुस्त करायचे आणि खळ्यावर धान्याचा वाटा घ्यायचा, अशी रीत होती. या रीतीत एक गोष्ट चांगली होती. गिऱ्हाईक ठरलेले होते. एका कुळाचा फाळ दुसऱ्या गावी जात नसे. पण एक गोष्ट वाईटही होती. धान्य ठरलेले असले तरी काम मोजलेले नसे. वर्षातून विळा चार वेळा आणला काय नि चौदा वेळा आणला काय, पायली तेवढीच. शिवाय पाऊस गेला की खळे ओस पडायचे आणि लोहाराचा वाटाही त्याबरोबर जायचा. १९७२ च्या दुष्काळात हे सगळ्यांनी सोसले.

आता बलुते राहिले नाही. पैसे देऊन काम करून घेण्याचे दिवस आले. पण आपण काय केले? बलुत्यातली चांगली गोष्ट सोडली आणि वाईट गोष्ट धरून ठेवली. गिऱ्हाईक ठरलेले राहिले नाही, काम मात्र आजही न मोजताच करतो. "द्या काय द्यायचे ते" हे वाक्य आपल्या तोंडातून अजून जात नाही. माझे सांगणे एवढेच आहे की हे उलटे करा. गिऱ्हाईक पुन्हा बांधून घ्या आणि काम मात्र मोजून करा. पुढे जे सांगतो ते सगळे या एका गोष्टीसाठी आहे.

काम कोठे आहे ते आधी पाहा

बैल कमी झाले हे खरे आहे. हा लाल कंधारी आणि देवणी बैलांचा मुलूख, पण आता नांगरट बहुतेक ट्रॅक्टरने होते. गाडीच्या चाकाला धाव चढवायचे काम जवळपास संपले. ते परत येईल म्हणून वाट पाहू नका.

पण खुरपणी हातानेच होते. सोयाबीन, तूर, हरभरा काढायला विळा लागतो. विहिरीवर, बांधावर पहार, टिकाव, कुदळ लागते. कोळप्याला पास लागते. ऊसतोडीला जाणाऱ्या टोळ्यांना कोयते लागतात. त्यात आपल्याकडे बालाघाटाचा डोंगरपट्टा आहे. खडकाळ रानात धार चार दिवसांत जाते. म्हणून नवीन वस्तू विकण्यापेक्षा जुनी वस्तू शेवटून देण्याचे काम, म्हणजे तापवून, ठोकून पुन्हा धारेवर आणण्याचे काम, आपल्याकडे कायम आहे. हे काम कारखाना करू शकत नाही. ते गावातच करावे लागते.

वर्षाचे वेळापत्रक भिंतीवर लिहून ठेवा :

१) पौष-माघ : गिऱ्हाईक कमी. या दिवसांत पुढच्या हंगामाची खुरपी घडवून, मुठी बसवून ठेवावीत. कोळसा व भंगार याच वेळी कोरडे घेऊन ठेवावे.

२) चैत्र-वैशाख : उन्हाळी मशागत. वखराच्या व कुळवाच्या पाशी, फाळ, पहारी, कुदळी.

३) ज्येष्ठ, मृगाच्या आधी : तिफणीचे फण, कोळप्याच्या पाशी. पाऊस पडल्यावर शेतकऱ्याला एक दिवसही थांबता येत नाही. त्यामुळे काम आधीच मागून घ्यावे.

४) आषाढ-श्रावण : खुरपणी. खुरपी शेवटण्याची सर्वांत जास्त गर्दी.

५) भाद्रपद-आश्विन : सोयाबीन काढणीचे विळे, पाठोपाठ ऊसतोडीचे कोयते. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात, म्हणून कोयते नवरात्रापर्यंत तयार हवेत.

६) मार्गशीर्ष : माळेगावची खंडोबाची यात्रा आणि लगेच येळवस. माळेगावला जनावरांचा मोठा बाजार भरतो, शेतकरी चारी बाजूंनी येतो. तयार माल तेथे न्यावा. येळवसला आपण एकमेकांच्या शेतात जेवायला जातोच. जेवण झाल्यावर कोपीत ठेवलेली औजारे पाहा. कोणाकडे काय झिजले आहे ते पाहिले की पुढच्या तीन महिन्यांचे काम दिसते.

आणखी एक गोष्ट. खुरपे विकत घेतो पुरुष, पण दिवसभर ते हातात असते बाईच्या. तेव्हा खुरप्याचा बाक, वजन, मूठ याबद्दल खुरपणाऱ्या बायांना विचारा. कोणाचा हात लहान असतो, कोणी डावखुरी असते. डावखुऱ्या हाताचे खुरपे दुकानात सहजासहजी मिळत नाही. ते तुम्ही करून दिले तर ती बाई दुसऱ्या लोहाराकडे जाणार नाही.

लोखंड ओळखून घ्या

भंगारातले सगळे लोखंड एक नसते. साधी पट्टी, बांधकामाची सळई, पत्रा हे मऊ लोखंड. त्याला कितीही पाणी दिले तरी ते कडक होत नाही. कडी, कोयंडा, कडे, खिळा, चौकट यांसाठी ते चांगले. धारेच्या वस्तूसाठी ते वापरले तर वस्तू आठ दिवसांत परत येते आणि तुमचे नाव जाते.

धारेसाठी पोलाद हवे. आपल्याला सहज मिळणारे चांगले पोलाद म्हणजे ट्रक-जीपच्या कमानीचे पाटे. त्यात साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून थोडा जास्त कर्ब असतो, म्हणून त्याला पाणी चढते आणि ते चिवटही राहते. जुनी कानस याहून कडक असते, पण ठिसूळ. तिचा उपयोग लहान सुरी-छिनीसाठी करावा, पहारीसाठी करू नये.

ओळखायचे दोन सोपे उपाय आहेत. एक, ग्राइंडरवर ठिणगी पाहा. मऊ लोखंडाची ठिणगी लांब आणि सरळ जाते. पोलादाची ठिणगी आखूड असते व शेवटी फुलबाजीसारखी फुटते. दोन, बोटभर तुकडा लाल करून पाण्यात विझवा आणि त्यावर कानस चालवून पाहा. कानस घसरली तर पोलाद, कानसेने खाल्ले तर मऊ. पाटा विकत घेण्याआधी ही परीक्षा करा. पाट्याला बारीक चीर असेल तर तो भाग कापून टाका. ठोकून चीर बुजत नाही, फक्त दिसेनाशी होते.

पाणी देताना अंदाज कमी, परीक्षा जास्त

पाणी देणे हे आपल्या धंद्याचे मर्म. मी स्वतः यात नुकसान केलेले आहे. एका वर्षी ऊसतोडीच्या एका टोळीचे कोयते घाईने केले. पाट्याचे पोलाद लालभडक करून थंड पाण्यात बुडवले आणि पुढची पायरी न करताच देऊन टाकले. धार अशी होती की बघत राहावे. पंधरा दिवसांत निम्मे कोयते तडकून परत आले. टोळीने दुसरे कोयते विकत घेतले, ते पैसे मला द्यावे लागले. तेव्हापासून मी पुढील क्रम मोडत नाही.

१) घडवताना लोखंड नारिंगी-पिवळे असताना ठोकावे. काळपट लाल झाले की ठोकणे थांबवून पुन्हा भट्टीत घालावे. पांढरे होऊन ठिणग्या उडू लागल्या तर पोलाद जळाले असे समजावे. तो भाग कापून टाकावा.

२) घडवून झाल्यावर एकदा लाल करून राखेत पुरून सावकाश थंड होऊ द्यावे. ठोकण्याने आलेला ताण निघून जातो.

३) पाणी देण्याचा ताव सावलीत पाहावा, उन्हात रंग फसवतो. तारेला लोहचुंबक बांधून जवळ ठेवावे. पोलाद साधारण ७७० अंश सेल्सिअसला चुंबकाला धरेनासे होते. त्यानंतर थोडासाच ताव वाढवून लगेच विझवावे.

४) पाट्याचे पोलाद थंड पाण्यात तडकण्याचा धोका असतो. ते कोमट गोड्या तेलात विझवावे. तेल लोखंडी भांड्यात घ्यावे व झाकण हाताशी ठेवावे, कारण तेल पेट घेऊ शकते. इंजिनाचे जळके तेल वापरू नये, त्याचा धूर छातीला वाईट.

५) विझवलेले पाते काचेसारखे ठिसूळ असते. त्याचा कडकपणा थोडा उतरवावा लागतो. एक बाजू घासून चकचकीत करावी आणि पाठीकडून हळूहळू ताव द्यावा. चकाकीवर रंग चढत जातात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. विळा, खुरपे, कोयता यांची धार तपकिरी झाली की थांबावे. कुऱ्हाड जांभळी होऊ द्यावी. पहार, टिकाव, पास यांना दगडाचा मार बसतो, त्यांना निळ्याच्या जवळ जाऊ द्यावे.

माझ्या कोयत्यांत पाचवी पायरी राहिली होती. या पायरीला एका पात्यामागे फार तर दहा मिनिटे लागतात.

दांड्याकडेही लक्ष द्यावे. बाभळीचे वाळलेले लाकूड घ्यावे. ओला दांडा बसवला की उन्हाळ्यात आकसतो आणि कुऱ्हाड नेढ्यातून सुटते. सुटलेली कुऱ्हाड माणसावर जाते. नेढ्यात पाचर ठोकल्याशिवाय कुऱ्हाड गिऱ्हाइकाच्या हातात देऊ नये.

कोणते काम घेऊ नये

आलेले प्रत्येक काम घेतलेच पाहिजे असे नाही. रोटाव्हेटरचे वाकलेले पाते तापवून सरळ करून द्या, असे सांगत लोक येतात. ते करू नये. कारखान्यात दिलेले पाणी भट्टीत उतरते. मग ते पाते मऊ पडून वाकते किंवा चुकीचे पाणी चढून तुटते. वेगाने फिरणाऱ्या यंत्रातून तुटलेला तुकडा गोळीसारखा सुटतो. मळणी यंत्राच्या फिरत्या भागांचेही तसेच. अशा वेळी "नवीन पाते बसवा" असे स्पष्ट सांगावे. पन्नास रुपयांच्या कामासाठी कोणाचा पाय जाता कामा नये.

जस्ताचा मुलामा दिलेला नळ किंवा पत्रा भट्टीत घालू नये. त्याचा पांढरा धूर घेतल्याने ताप भरतो. दोन्ही तोंडे बंद असलेली नळी किंवा मोटारीचा शॉकअब्सॉर्बर आगीत घालू नये. तो स्फोट होऊन फुटतो. आधी तोंड उघडे आहे याची खात्री करावी.

हिशोब : एका खुरप्याची खरी किंमत

आता वही उघडू. मी दहा खुरप्यांचा हिशोब मांडतो. दर गावागावांत निराळे असतात. तुम्ही आपले दर घाला, रीत मात्र हीच ठेवा. समजा दहा खुरपी करायला दोन माणसांना अर्धा दिवस लागला.

पोलाद ३ किलो, रु. ६० प्रमाणे : रु. १८०
कोळसा ५ किलो, रु. ३० प्रमाणे : रु. १५०
दहा मुठी, रु. १५ प्रमाणे : रु. १५०
घण मारणाऱ्याची अर्ध्या दिवसाची मजुरी : रु. २५०
कारागिराची अर्ध्या दिवसाची मजुरी : रु. ३५०
वीज, ग्राइंडरची चकती, औजारांची झीज : रु. ४०
जागा, फोन, बाजारात जाणे-येणे : रु. ८०
एकूण : रु. १,२००

म्हणजे एक खुरपे १२० रुपयांना पडले. आता आपण नेहमी काय करतो ते सांगतो. आपण फक्त पहिल्या तीन ओळी मोजतो. त्या होतात ४८० रुपये. ८० रुपयांना एक याप्रमाणे दहा खुरपी विकतो, ८०० रुपये हातात येतात आणि म्हणतो की ३२० रुपये सुटले. सुटले काहीच नाही. त्यातून झीज आणि जाण्यायेण्याचे १२० वजा करा. उरले २००. दोन माणसांची मजुरी ६०० रुपये व्हायला हवी होती. दुसऱ्याच्या रानात गेलो असतो तरी यापेक्षा जास्त मिळाले असते.

आणि घण मारणारी ती दुसरी व्यक्ती कोण? पुष्कळ घरांत ती आपली बायको असते. भाता ती ओढते, घण ती मारते आणि तिची मजुरी कोणत्याच वहीत नसते. "घरचेच काम आहे" असे म्हणून आपण धंदा स्वस्त ठेवतो. खरे पाहता तो स्वस्तपणा तिच्या कष्टातून काढलेला असतो. तिची मजुरी लिहा. रोख देता आली नाही तरी लिहा. लिहिली म्हणजे भाव सांगताना जीभ अडखळत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाजारात पत्र्याचे खुरपे याहून स्वस्त मिळते, मग १३० रुपयांना आपले कोण घेणार? प्रश्न बरोबर आहे. कारखान्याशी भावात कुस्ती खेळू नका, त्यात तो जिंकतो. दातेरी वैभव विळ्यासारखी यंत्रावर होणारी वस्तूही त्याच्यासाठी सोडा. आपण जे विकायचे ते असे : हाताच्या मापाचे खुरपे, पाणी दिलेले, तडकले तर बदलून देण्याची हमी आणि गावातल्या गावात शेवटून मिळण्याची सोय. पात्यावर आपली खूण उठवा, म्हणजे हमी मागायला आलेले खुरपे आपले आहे का ते कळेल. एवढे करूनही नवीन खुरप्याला भाव मिळत नसेल तर नवीन खुरपी कमी करा आणि शेवटण्याचे काम वाढवा. त्यात माल गिऱ्हाइकाचा, कौशल्य आपले. पैसे अडकत नाहीत.

लोखंडी नांगराची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला. तेव्हा लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले सहा नांगर विकायला दोन वर्षे लागली. पुढे १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. शेतकरी बोलण्यावर औजार घेत नाही. रानात चालवून पाहतो, मग घेतो. तुम्हीही दोन खुरपी आठ दिवस वापरायला द्या. चांगली असतील तर ती परत येणार नाहीत, पैसे येतील.

उधारी आणि सालकार्ड

वरच्याच हिशोबात १३० रुपयांनी दहा खुरपी विकली तर १,३०० रुपये यावेत. पण दोघांनी उधार नेले आणि दिलेच नाही तर आले १,०४०. खर्च १,२००. १६० रुपये कोठून गेले? आपल्या दोघांच्या मजुरीतून. उधार नेणारा मनाने वाईट असतोच असे नाही. आपण लिहिले नाही, तो विसरला.

गावात उधारी बंद करता येत नाही हे मलाही कळते. म्हणून ती बांधून घ्या. मी एक रीत सुचवतो. तिला सालकार्ड म्हणू. समजा एका शेतकऱ्याकडे वर्षभरात असे काम निघते :

४ खुरपी, प्रत्येकी ३ वेळा शेवटणे, रु. २० प्रमाणे : रु. २४०
२ विळे, प्रत्येकी २ वेळा, रु. २५ प्रमाणे : रु. १००
१ कुऱ्हाड, २ वेळा, रु. ५० प्रमाणे : रु. १००
१ पास, २ वेळा, रु. ८० प्रमाणे : रु. १६०
वर्षाचे एकूण : रु. ६००

अर्धे पैसे पाडव्याला घ्यावेत, अर्धे सोयाबीन विकल्यावर दिवाळीला. कार्डावर रकाने पाडून प्रत्येक वेळी खूण करावी. कार्डापलीकडचे काम निराळे आणि रोखीने. असे चाळीस शेतकरी बांधले तर वर्षाला २४,००० रुपये ठरलेले. त्यातले १२,००० मृगाच्या आधी हातात येतात. त्यातून कोळसा आणि पाटे घेता येतात, व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागत नाही. हे जुने बलुतेच आहे, पण मोजलेले. लेखी असल्यामुळे शेतकऱ्यालाही आपला हक्क कळतो, त्याला लोहाराची मनधरणी करावी लागत नाही.

दुष्काळी साल आले तर काय? २०१६ साली लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. अशा वर्षी शेतीचे काम आटते. म्हणून वर्षातल्या कमाईपैकी थोडा भाग गेट, खिडकीची जाळी, पाण्याच्या टाकीचा सांगाडा, गोठ्याच्या कड्या अशा कामातून यावा. वेल्डिंग शिकलेला मुलगा घरात असेल तर त्याला बापाच्या भट्टीचा कमीपणा वाटू देऊ नका आणि बापाने त्याच्या वेल्डिंगला नावे ठेवू नयेत. दोन्ही एका छपराखाली असली तर दोन्ही टिकतात.

दुकानात तीन गोष्टी असाव्यात : भिंतीवर दरपत्रकाची पाटी, एक रोजची वही आणि एक उधारीची वही. रोजच्या वहीत आले, गेले एवढेच लिहावे. रात्री पाच मिनिटे लागतात.

जागा आणि शरीर

भट्टी दोन बाजूंनी मोकळ्या छपरात असावी. बंद खोलीत कोळशाचा वायू साचून माणूस बेशुद्ध पडतो. विजेचा पंखा चांगला, कारण भात्यावरचा एक माणूस मोकळा होतो. पण हाताचा पंखा काढून टाकू नका, वीज सांगून जात नाही. ऐरण इतक्या उंचीवर असावी की उभे राहून हात खाली सोडला तर मुठीची बोटे तिला लागावीत. त्याने कंबर वाचते. ग्राइंडरवर डोळ्यांना चष्मा हवाच. सैल धोतराचा सोगा किंवा पदर चकतीजवळ नसावा. पाण्याची बादली आणि वाळूची पाटी भट्टीशेजारी भरलेली असावी.

भांडवल आणि योजना

केंद्र सरकारची पंतप्रधान विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्यात अठरा व्यवसाय आहेत आणि लोहार त्यात आहे. योजना २०२७-२८ पर्यंतची आहे. वय अठरा पूर्ण हवे आणि एका कुटुंबातील एकालाच लाभ मिळतो. नोंदणी सामाईक सेवा केंद्रावर आधार दाखवून होते. नोंदणीला पैसे लागत नाहीत, तेव्हा मध्यस्थाला देऊ नका. त्यानंतर ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपरिषदेकडून पडताळणी होते. पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण असते आणि त्या काळात दिवसाला ५०० रुपये विद्यावेतन मिळते. औजारांसाठी १५,००० रुपयांची मदत आहे. कर्ज पाच टक्के व्याजाने मिळते : पहिला हप्ता एक लाखापर्यंत, फेड अठरा महिन्यांत, तो फेडल्यावर दुसरा हप्ता दोन लाखांपर्यंत, फेड तीस महिन्यांत.

पण कर्ज घेण्याआधी वरची वही सहा महिने लिहा. एक लाख अठरा महिन्यांत फेडायचे म्हणजे व्याज सोडून महिन्याला साडेपाच हजारांहून जास्त झाले. वहीत महिन्याला तेवढे उरताना दिसत नसेल तर लाखाऐवजी तीस-चाळीस हजारच घ्या. कर्जाचे पैसे पंखा, ग्राइंडर, चांगली ऐरण यांत जावेत. लग्नात गेलेले कर्ज भट्टी फेडू शकत नाही.

नवीन औजारे पाहायची असतील तर परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात १८ मे रोजी खरिपाचा आणि १७ सप्टेंबरला रब्बीचा शेतकरी मेळावा भरतो. तेथे बैलचलित आणि हातऔजारे पाहायला मिळतात. जाताना माप घ्यायला टेप आणि वही घेऊन जा. सायकल कोळप्यासारखे साधे औजार आपल्या ओळींच्या अंतराला जुळवून देणे हे आपल्या हातचे काम आहे.

शेतकऱ्यांना दोन शब्द

शेवटी जे भट्टीवर बसत नाहीत, पण भट्टीवर येतात, त्यांच्यासाठी. खुरपे शेवटायला २० रुपये जास्त वाटतात. एक हिशोब करा. समजा खुरपणाऱ्या बाईची मजुरी दिवसाला ३०० रुपये आणि काम आठ तासांचे. बोथट खुरप्याने रोज एक तासाचे काम कमी झाले तर साडेसदतीस रुपये गेले. दहा बाया असतील तर एका दिवसात ३७५ रुपये गेले. आणि बाईचे मनगट दुखते ते निराळेच. दहाही खुरपी शेवटायला लागले असते २०० रुपये. तेव्हा खुरपणी सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात औजारे भट्टीवर आणा, काम सुरू झाल्यावर नको.

लोहार गावातून गेला तर काय होते ते ज्यांच्या गावात घडले त्यांना विचारा. कोळप्याची पास मोडली की भर वाफशात कामे टाकून अहमदपूर गाठावे लागते. किनगावचा असो, हडोळतीचा असो की शिरूर ताजबंदचा, वाफसा कोणासाठी थांबत नाही. गावात भट्टी पेटती ठेवायची असेल तर ठरलेला भाव वेळेवर द्या. यात लोहारावर कोणी उपकार करत नाही, ज्याच्या त्याच्या पेरणीची ही काळजी आहे.

आणि माझ्या भावांनो, आज घरी गेल्यावर एकच काम करा. एक वही घ्या. पहिल्या पानावर आपण करतो त्या पाच वस्तूंची नावे लिहा आणि प्रत्येकीपुढे वर सांगितलेल्या सात ओळी भरा. घण मारणाऱ्याच्या मजुरीची ओळ कोरी ठेवू नका. उद्या गिऱ्हाईक आले आणि "किती द्यायचे?" म्हणाले तर पानाकडे बघून आकडा सांगा.